चांदी, पिरोजा आणि पात्र : संग्रहाची सम्यक् दृष्टी

अलीकडच्या काळात नाशिक परिसरातील बौद्ध उपासक-उपासिकांच्या घरी चांदीच्या वस्तू मोठ्या प्रमाणावर दिसू लागल्या आहेत. विवाहप्रसंगी चांदीचे ताट, वाटी, फुलपात्र देण्याची प्रथा रूढ झाली आहे. बोधगया, धर्मशाळा, लेह अशा ठिकाणी तीर्थाटनास गेलेली मंडळी येताना पिरोजा जडवलेल्या चांदीच्या अंगठ्या, माळा आणि तिबेटी धाटणीचे चहाचे पेले घेऊन येतात. ज्या समाजाला एकेकाळी धातूचे चांगले भांडे वापरण्याचीही मोकळीक नव्हती, त्याच्या घरात चांदी यावी यात वावगे काहीच नाही. परंतु त्यासोबत काही प्रश्न उभे राहतात. असा संग्रह धम्माशी सुसंगत आहे काय? खरी वस्तू ओळखावी कशी? आणि आजी-पणजीच्या जुन्या चांदीच्या दागिन्यांचे काय करावे? या प्रश्नांचा येथे क्रमाने विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

विनयाची मर्यादा आणि गृहस्थाचा अधिकार

प्रथम एक भेद लक्षात घ्यावयास हवा. सोने-चांदीविषयीचे निर्बंध भिक्खूंसाठी आहेत. पातिमोक्खातील निस्सग्गिय पाचित्तिय वर्गातील अठरावा नियम सोने-रुपे स्वीकारण्यास मनाई करतो, एकोणिसावा नाण्यांच्या व्यवहारास आणि विसावा खरेदी-विक्रीस. हा प्रश्न संघाने किती गंभीर मानला हे वैशालीच्या दुसऱ्या संगीतीवरून कळते. महापरिनिर्वाणानंतर सुमारे शंभर वर्षांनी वज्जिपुत्तक भिक्खू उपोसथाच्या दिवशी पाण्याने भरलेले काशाचे पात्र मांडून उपासकांकडून कार्षापणे मागत असत. स्थविर यशांनी त्यास आक्षेप घेतला. संगीतीपुढे आलेल्या दहा वादविषयांपैकी शेवटचा ‘जातरूपरजत’, म्हणजे सोने-चांदीचा, होता आणि तो अग्राह्य ठरला.

गृहस्थास मात्र हा नियम लागू नाही. सिगालोवाद सुत्तात पतीची पत्नीप्रती जी पाच कर्तव्ये सांगितली आहेत, त्यांपैकी एक तिला अलंकार देणे हे आहे. सन्मार्गाने मिळविलेल्या संपत्तीचा उपभोग घेणे, कुटुंबास सुख देणे आणि दान करणे यास भगवंतांनी कोठेही दोष दिलेला नाही. दोष आहे तो आसक्तीस. विशाखेची कथा या दृष्टीने मननीय आहे. तिचा ‘महालता’ नावाचा बहुमोल अलंकार ती एकदा विहारात विसरली. आनंद स्थविरांनी तो उचलून सुरक्षित ठेवला. नंतर तिने तो पुन्हा अंगावर घालण्याऐवजी विक्रीस काढला. तो घेण्याची ऐपत असणारा कोणी मिळेना, तेव्हा तिने स्वतःच त्याची किंमत भरली आणि त्या द्रव्यातून श्रावस्तीस पूर्वाराम उभा राहिला, असे धम्मपद-अट्ठकथा सांगते.

याच संदर्भात पाचित्तियातील चौऱ्याऐंशीवा नियम पाहण्यासारखा आहे. भिक्खूने पडलेली मौल्यवान वस्तू उचलू नये; पण ती विहाराच्या आवारात वा आपल्या निवासात पडलेली असेल, तर मात्र ती उचलून, ज्याची त्याला परत मिळावी अशा हेतूने जपून ठेवावी, असे हा नियम सांगतो. मालकी सांगू नये, पण सांभाळ करावा, हे या नियमाचे सार आहे. विहाराशी निगडित कोणत्याही संग्रहालयास याहून चांगले मार्गदर्शक तत्त्व मिळणार नाही.

पात्राचा प्रश्न

शोभेच्या भांड्यांविषयी चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. राजगृहाच्या एका श्रेष्ठीने चंदनाचे पात्र करवून उंच वेळूच्या टोकास टांगले आणि जो ऋद्धिबळाने ते उतरवील त्याचे ते, असे जाहीर केले. पिंडोल भारद्वाजाने ते उतरविले. भगवंतांनी या प्रदर्शनाचा निषेध केला आणि त्या पात्राचे तुकडे करून त्याचे अंजन भिक्खूंना वाटून देण्यास सांगितले. त्यानंतर सोने, रुपे, मणी, वैडूर्य, स्फटिक, कासे, काच, कथील, शिसे आणि तांबे यांची पात्रे वर्ज्य करून केवळ दोन प्रकारांना अनुमती दिली : लोखंड आणि माती.

आता याच्या शेजारी मनुस्मृतीचा दहावा अध्याय ठेवून पाहावा. तेथेही लोखंड आणि माती आहे. चांडाळांनी फुटक्या भांड्यात जेवावे आणि त्यांचे अलंकार लोखंडाचे असावेत, असे तेथे सांगितले आहे. धातू तोच, पण हेतू संपूर्ण भिन्न. संघात राजपुत्र असो वा उपाली न्हावी, सर्वांच्या हाती सारखेच लोखंडी किंवा मातीचे पात्र होते. ते स्वेच्छेने स्वीकारलेल्या समतेचे चिन्ह होते. स्मृतीतील लोखंड जन्मावरून लादलेले होते. मनुष्याच्या हातातील भांडे आणि अंगावरील दागिना यांवरून त्याची पायरी ठरविण्याची ही व्यवस्था केवळ पोथीत राहिली नाही. ‘जातिसंस्थेचे निर्मूलन’ या १९३६ च्या ग्रंथात बाबासाहेबांनी इंदूरकडील बलाई समाजावर १९२८ साली सवर्णांनी लादलेल्या अटी दिल्या आहेत. बलाई स्त्रियांनी सोन्या-चांदीचे दागिने घालू नयेत ही त्यांतील एक अट होती.

लादलेला दागिना आणि टाकलेला दागिना

आपल्या महाराष्ट्रात हाच प्रकार दुसऱ्या बाजूने दिसतो. येथे काही ठिकाणी दागिन्यावर बंदी होती, तर अन्यत्र विशिष्ट धाटणीचा, जाड आणि हलक्या धातूचा दागिना हीच अस्पृश्यतेची ओळख बनली होती. १९२७ च्या डिसेंबरात महाड येथे स्त्रियांपुढे केलेल्या भाषणात बाबासाहेबांनी नेमके यावर बोट ठेवले. लुगडे नेसण्याची विशिष्ट पद्धत, गळ्यातील भरमसाट गळसऱ्या, हातभर कथलाच्या वा चांदीच्या पाटल्या या खुणा टाकून द्या, असे त्यांनी सांगितले. उपस्थित स्त्रियांनी त्याप्रमाणे आपला वेश बदलला. हा उपदेश साधेपणाचा तर होताच, पण त्याहून अधिक तो स्वाभिमानाचा होता.

याचा एक परिणाम असा झाला की, आपल्या घरांतून हे दागिने झपाट्याने नाहीसे झाले. वाळे, तोडे, वाक्या, गोट, सरी, जोडवी, कमरपट्टा हे शब्दच नव्या पिढीस परके वाटतात. उरलेली चांदी मुलांच्या शिक्षणासाठी, दुष्काळात, आजारपणात सराफाकडे मोड म्हणून गेली आणि आटवली गेली. त्या मोडीतून पदवीधर झालेली मुले आज समाजाची धुरा वाहत आहेत. म्हणून ती चांदी वाया गेली असे कोणी म्हणू नये.

पण जे थोडे शिल्लक आहे त्याविषयी काय भूमिका घ्यावी? काही बंधू म्हणतात की, जी वस्तू बाबासाहेबांनी टाकावयास सांगितली ती जपणे हा त्यांच्या शिकवणुकीचा भंग आहे. आम्हास हे पटत नाही. बाबासाहेबांनी दागिना ओळख म्हणून अंगावर वागविण्यास विरोध केला. पुरावा म्हणून जपण्यास नव्हे. मनुस्मृतीचे दहन ज्या महाडला झाले त्याच मनुस्मृतीतील वचने त्यांनी आपल्या ग्रंथांत आधारासह उद्धृत केली आहेत. अन्याय सिद्ध करावयाचा तर त्याची साधने नाहीशी होऊन चालत नाही. उद्या एखाद्या संग्रहालयात असा तोडा ‘ग्रामीण दागिना’ एवढ्याच चिठ्ठीनिशी मांडला गेला, तर तो कोणी घातला, का घातला आणि का उतरविला हा इतिहास पुसला जाईल. तो इतिहास आपणच लिहावयास हवा.

नाशिकच्या रुप्याची साक्ष

धातू जपल्याने इतिहास कसा वाचतो याचे उत्तम उदाहरण नाशिक जिल्ह्यातच आहे. १९०६ साली सिन्नर तालुक्यातील जोगलटेंभी या गोदावरीकाठच्या गावी चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. त्यातील तेरा हजारांहून अधिक नाणी अभ्यासकांनी तपासली. ती सर्व क्षहरात क्षत्रप नहपानाची होती आणि त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे पुन्हा ठोकलेली होती. त्या चिन्हांत एका बाजूस तीन कमानींचा डोंगर आहे. जुने अभ्यासक त्यास चैत्य म्हणत. गौतमीपुत्राने ही नाणी आटवली नाहीत, त्याच चांदीवर आपला ठसा उमटविला. त्यामुळे पुसट झालेला नहपानाचा चेहरा आणि त्यावरील सातवाहन चिन्ह अशी दोन राजवटींची साक्ष एकाच नाण्यावर राहिली. त्रिरश्मी लेण्यातील बलश्रीच्या लेखात गौतमीपुत्राने खखरात वंशाचा निःपात केला असे म्हटले आहे. ती केवळ पुत्रप्रशंसा नव्हती हे या नाण्यांनी दाखवून दिले. ती आटवली गेली असती तर एवढा मोठा पुरावा केवळ काही किलो चांदी होऊन राहिला असता.

त्याच डोंगरातील नहपानाच्या जावयाचा, उषवदाताचा, लेख चांदीचा दुसरा उपयोग सांगतो. त्याने संघासाठी तीन हजार कार्षापणांची अक्षयनीवी गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली. दोन हजार दरमहा शेकडा एक या दराने आणि एक हजार शेकडा पाऊण या दराने. दोन हजारांचे वर्षाचे व्याज दोनशे चाळीस होते. त्यातून वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापणे चीवरासाठी मिळत. मुद्दल खर्चावयाचे नाही, असा निर्बंध लेखातच आहे. येथे भिक्खूंनी चांदीला हात लावलेला नाही. ती श्रेणीकडे राहिली आणि संघास चीवर मिळाले. कान्हेरीच्या एका लेखात कल्याणच्या सुवर्णकाराने पाण्याची पोढी दान दिल्याचा उल्लेख आहे. सोन्या-चांदीत जन्म घालविणाऱ्या कारागिरानेही धम्मासाठी निवडले ते पाणी.

नाण्यांचा अभ्यास करू इच्छिणाऱ्यांनी अंजनेरी येथे १९८० साली स्थापन झालेल्या भारतीय नाणकशास्त्र संशोधन संस्थेचे कार्य अवश्य पाहावे. नाशिक शहराविषयी सांगावयाचे तर तांबट आणि सोनार या दोन्ही कारागिरांची येथे जुनी परंपरा आहे. तांब्या-पितळेप्रमाणेच चांदीचे तांब्या-भांडे, अत्तरदाणी, गुलाबदाणी, पानदान यांसाठीही येथील सराफ बाजार ओळखला जातो.

पिरोज्याविषयी

पिरोजा हे रत्न पाली वाङ्मयाच्या रत्नयादीत आढळत नाही. महासमुद्रातील रत्नांची गणना करताना सुत्तांत मोती, मणी, वैडूर्य, शंख, शिला, प्रवाळ, रजत, जातरूप, लोहितंक आणि मसारगल्ल अशी दहा नावे येतात. पिरोज्याचे बौद्ध जगातील स्थान हिमालयाच्या पलीकडचे आहे. तिबेटी भाषेत त्यास ‘यू’ म्हणतात. स्त्रिया तो चांदीत जडवून केसांत, कानांत, गळ्यात घालतात. ‘गाउ’ नावाच्या चांदीच्या लहान डबीवर तो बसवितात. डबीत सूत्रपाठाचा कागद वा बुद्धमूर्ती ठेवलेली असते. लडाखच्या स्त्रियांचे ‘पेराक’ हे शिरोभूषण पिरोज्यांच्या ओळींनी मढविलेले असते आणि ते आईकडून मुलीकडे जाते. चहाच्या चिनी मातीच्या पेल्यास चांदीची बैठक आणि कळसाकार झाकण करण्याची पद्धतही तिकडचीच. १९५९ नंतर भारतात आलेल्या अनेक निर्वासित कुटुंबांनी असे दागिने विकून पहिली वर्षे काढली. महाराष्ट्रात गोंदिया जिल्ह्यातील गोठणगाव येथे तिबेटी बांधवांची वसाहत आहे. त्यांच्याकडून एखादी वस्तू घेताना आपण कोणाच्या तरी आईची आठवण घेत आहोत, याचे भान असावे.

रासायनिक दृष्ट्या पिरोजा म्हणजे तांबे आणि ॲल्युमिनियम यांचे पाणीयुक्त फॉस्फेट होय. निळा रंग तांब्यामुळे येतो. लोहाचा अंश वाढला की तो हिरवट होतो. त्याची कठीणता पाच ते सहा, म्हणजे काचेच्या जवळपास. इराणमधील नेशापूरच्या खाणी त्यासाठी शतकानुशतके प्रसिद्ध आहेत. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणात पिरोजा मिळत नाही. येथे मिळतात ते गारगोटी, अकीक आणि झिओलाइट; सिन्नर येथे उभे राहिलेले गारगोटी खनिज संग्रहालय त्यांसाठीच नावाजले आहे.

पिरोजा अंगठीत घातल्याने ग्रहपीडा टळते, संकट आधी कळते असे सांगून तो विकला जातो. दीघनिकायाच्या ब्रह्मजाल सुत्तात मण्यांची लक्षणे पाहून भविष्य सांगणे यास स्पष्टपणे हीन विद्या म्हटले आहे. तिबेटी समाजाच्या लोकसमजुतींचा आदर ठेवूनही, उपासकाने पिरोजा घ्यावा तो त्याच्या रंगासाठी आणि कारागिरीसाठी. भाग्यरत्न म्हणून नव्हे.

पारख कशी करावी

बाजारात ‘तिबेटी चांदी’ नावाने मिळणाऱ्या वस्तूंत पुष्कळदा चांदी अत्यल्प असते किंवा मुळीच नसते. ‘जर्मन सिल्व्हर’ तर तांबे, निकेल आणि जस्त यांचेच मिश्रण आहे. भरीव वस्तूची एक सोपी कसोटी घरी करता येते. चांदीचे विशिष्ट गुरुत्व साधारण साडेदहा आहे. म्हणजे एकशे पाच ग्रॅम वजनाची शुद्ध चांदी पाण्यात बुडविली तर दहा मिलिलीटर पाणी बाजूस सारते. तेवढ्याच वजनाचे जर्मन सिल्व्हर बारा मिलिलीटर सारील. लाख भरलेल्या किंवा पोकळ दागिन्यास ही कसोटी लागू पडत नाही. त्यासाठी विश्वासू सराफाकडून कस लावून घ्यावा. जुन्या दागिन्यावर हॉलमार्क नसतो, म्हणून तो खोटा ठरत नाही. उलट एखाद्या ठिकाणी सोनाराचा लहान शिक्का असेल तर तो मोलाचा समजावा.

पिरोज्याच्या नावाने हाउलाइट वा मॅग्नेसाइट हे पांढरे दगड रंगवून विकले जातात; प्लास्टिकही खपते. मण्याचे छिद्र भिंगातून पाहावे. आत पांढरे आणि वर निळे दिसले तर तो रंगविलेला आहे. रंग अगदी एकसारखा आणि काळ्या रेषा साऱ्या मण्यांवर सारख्याच असतील तर शंका घ्यावी. तापलेली सुई टोचून पाहण्याचा सल्ला काही देतात. तो मानू नये, कारण त्याने खऱ्या पिरोज्यासही इजा होते.

जतन, नोंद आणि कायदा

चांदी काळी पडते ती हवेतील गंधकयुक्त वायूमुळे. हा काळेपणा वरवरचा असतो. रांगोळी, राख वा चिंच लावून घासण्याची आपली जुनी सवय रोजच्या भांड्यास ठीक. पण नक्षीच्या जुन्या दागिन्याची नक्षी त्याने झिजते. मऊ सुती कापडाने पुसणे पुरेसे आहे. पिरोजा सच्छिद्र असतो. तेल, साबण, अत्तर शोषून तो हिरवट पडतो. म्हणून पिरोजा जडविलेली चांदी कधीही उजळविण्याच्या द्रावात बुडवू नये. कोरड्या कापडात गुंडाळून स्वतंत्र ठेवावी. रबर आणि वर्तमानपत्राचा कागद टाळावा.

जतनाइतकीच महत्त्वाची गोष्ट नोंदीची. प्रत्येक वस्तूसाठी एक पान करावे : घरात तिला काय म्हणत, कोणत्या गावी आणि कोणी वापरली, साधारण कोणत्या काळात, कशी मिळाली, वजन ग्रॅममध्ये (जुना एक तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम), लांबी-रुंदी, आणि दोन बाजूंची छायाचित्रे. तो दागिना अंगावरून केव्हा व का उतरला, हे माहीत असलेले वडीलधारे माणूस हयात असेल तर त्याचे शब्द त्याच्याच बोलीत उतरवून घ्यावेत. चांदी पुन्हा मिळेल; ते शब्द पुन्हा मिळणार नाहीत.

कायद्याची माहितीही आवश्यक आहे. १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार जमिनीत दडलेले दहा रुपयांहून अधिक मोलाचे धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांस कळविणे बंधनकारक आहे. १९७२ च्या पुरावशेष अधिनियमानुसार नाणी, शिल्पे आणि इतर कलावस्तू शंभर वर्षांहून जुन्या असतील तर त्या पुरावशेष गणल्या जातात. परवान्याशिवाय त्यांचा व्यापार करता येत नाही आणि खासगी व्यक्तीस त्या परदेशी पाठविता येत नाहीत. जुनी मूर्ती वा नाणे कोणी गुपचूप विकावयास आणले तर ते कोणत्या तरी स्तूपातून वा लेण्यातून उखडलेले असू शकते, हे ध्यानात ठेवून नकार द्यावा. अदत्तादानापासून विरत राहण्याचे शील संग्राहकासही लागू आहे.

शेवटी

१८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याचा स्तूप उकलला. नाशिकच्या लेण्यांतील लेखांच्या अभ्यासातही याच विद्वानाचा मोठा वाटा आहे. सोपाऱ्यास दगडी पेटीत तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, मग स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा करंडक निघाला. सोन्याच्या फुलांसमवेत त्यात मातीच्या भांड्याचे तेरा लहान तुकडे होते. ते भगवंतांच्या भिक्षापात्राचे म्हणून जपले गेले असावेत, असे भगवानलालांनी मानले. जवळच यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे होते. ज्या उपासकांनी ही रचना केली त्यांनी चांदी आणि सोने मातीच्या तुकड्यांच्या रक्षणास लावले होते.

आपल्या घरातील संग्रहाकडेही याच दृष्टीने पाहता येईल. ज्यांच्याकडे असे जुने दागिने वा भांडी असतील त्यांनी ती मोडीस देण्यापूर्वी निदान वजन, छायाचित्र आणि हकीकत यांची नोंद करून तिची प्रत विहारात ठेवावी. वस्तू घरीच राहू द्यावी. तिच्यावर हक्क आपलाच आहे. विहाराकडे ठेव म्हणून देण्याची इच्छा असेल तर अटी लेखी कराव्यात आणि विहारानेही, चौऱ्याऐंशीव्या नियमाचे स्मरण ठेवून, मालक म्हणून नव्हे तर राखणदार म्हणून ती सांभाळावी.